कुत्र्याचं 'हाड'

मराठी माणसाकडे कुत्र्याशी बोलायला पिढ्यान्‌पिढ्या तीनच शब्द आहेत. जवळ बोलवायचं तर 'यू यू', कुणाच्या अंगावर घालायचं तर 'छू' आणि घालवून द्यायचं तर 'हाड'. तिघांत सगळ्यात जास्त झिजलेला शब्द 'हाड'. तो म्हणताना आपण काय करतो ते आठवून पाहा. पाय आपटतो, हात उगारतो, आवाज चढवतो. मारायचं मनात नसतं. म्हणणं एवढंच असतं की बाबा रे, तुझ्या-माझ्यात जरा जागा राहू दे. आणि हा आवाज चढवणारा माणूस बहुतेक वेळा चिडलेला नसतो, घाबरलेला असतो.

तांबी आमच्या घरी आली तेव्हा सात-आठ महिन्यांची होती. गावठी, तांबूस अंगाची, एका कानाचं टोक दुमडलेलं. घरात लोण्याहून मऊ. फाटकाबाहेर पाऊल टाकलं की दुसरंच जनावर. समोरून कुत्रा दिसला, सायकल दिसली, हेल्मेट घातलेला माणूस दिसला की पाय रोवायची, अंग फुगवायची, पट्ट्याच्या टोकाला जाऊन दोन पायांवर उभी राहून भुंकायची. नवीन पनवेलमधली आमची इमारत चार मजल्यांची, लिफ्ट सहा माणसांची. एका संध्याकाळी तळमजल्यावर लिफ्टचं दार उघडलं आणि समोर हेल्मेट, पाठीवर चौकोनी पिशवी असा डिलिव्हरीवाला. तांबी झेपावली. पट्टा हातात होता म्हणून कुणाला दात लागला नाही, पण तो मुलगा मागे सरकला तो तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंवर. त्यांच्या पिशवीतली लिंबं पार्किंगभर घरंगळली आणि त्यांचा सहा वर्षांचा नातू त्यांच्या साडीमागे लपला. काकू लिंबं वेचता वेचता म्हणाल्या, "अगं, ही चावेल बघ एक दिवस कुणाला तरी." पुढच्या रविवारी सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठराव नाही, पण समज मिळाली: कुत्रीला वळण लावा.

वळण लावायला मी निघाले आणि पहिलं वर्ष जवळजवळ वाया घालवलं. कारण तांबी बाहेर जे करत होती ते काय आहे, हेच मला कळलं नव्हतं. पाय रोवणं, अंग फुगवणं, आवाज चढवणं. हे सगळं मी कुठे तरी पाहिलं होतं. आपणच करतो ते. ती 'हाड' म्हणत होती.

या लेखात मला एकच गोष्ट मांडायची आहे. चारचौघांत खवळणाऱ्या कुत्र्याला, ज्याला हल्ली प्राण्यांचे डॉक्टर आणि ट्रेनर 'रिॲक्टिव्ह' म्हणतात, शिस्त कमी पडलेली नसते. त्याला अंतर कमी पडलेलं असतं. त्याला शांत करायचं म्हणजे आधी त्याला अंतर द्यायचं आणि मग ते अंतर त्याच्या कलानं कमी करत आणायचं. ऐकायला सोपं आहे. पनवेलसारख्या गावात, जिथे अंतर ही चौरस फुटांवर विकायची वस्तू झाली आहे, तिथे ते अवघड आहे. आणि म्हणून हा प्रश्न एकट्या कुत्र्याचा किंवा एकट्या मालकाचाही राहत नाही.

आधी पट्ट्याचं बघू. नेऱ्याकडे किंवा रायगडातल्या कुठल्याही खेड्यात सकाळी उभं राहून दोन अनोळखी कुत्री एकमेकांना कशी भेटतात ते पाहावं. सरळ नाक समोर धरून ती कधी येत नाहीत. एक जण बांधाला वास घेत रेंगाळतो, दुसरा उगाच खाली बसून कान खाजवतो, मग दोघं कमानीसारखी वाट घेत, तोंड एका बाजूला ठेवून जवळ येतात. नाही पटलं तर एक जण गल्लीत वळतो. विषय संपला. कुत्र्यांच्या रीतीत समोरासमोर, डोळ्यांत डोळे घालून सरळ चालत येणं हा उद्धटपणा आहे, आणि आपल्या फुटपाथवर पट्ट्यातल्या कुत्र्याला आपण नेमकं तेच करायला लावतो. वळायची सोय नाही, थांबायची नाही, पळायची तर नाहीच. भीती वाटल्यावर कुठल्याही जिवाकडे दोन मुख्य वाटा असतात, सटकणं किंवा अंगावर जाणं. पट्ट्यानं पहिली वाट बंद होते. उरतो तो गळा. म्हणूनच घरात, मोकळ्यावर किंवा दुसऱ्या कुत्र्याबरोबर खेळताना गुणी असलेलं जनावर पट्टा लावल्यावर तेवढं खवळतं. पट्टा सोडून द्या असं मी म्हणत नाही. शहरात पट्टा हवाच. आपण त्याच्याकडून काय काढून घेतलं आहे याची जाण हवी, इतकंच.

दुसरी गोष्ट, भुंकणं फळतं. कुरिअरवाला येतो, कुत्रा भुंकतो, कुरिअरवाला जातो. तो पाकीट देऊन जाणारच होता, हे कुत्र्याला कुठे ठाऊक? त्याच्या लेखी रोज प्रयोग केला आणि रोज यशस्वी झाला. रस्त्यावर समोरचा माणूस घाबरून बाजूला होतो, तोही त्याचाच विजय. ज्या उपायाला शंभर टक्के यश येतं तो उपाय कोण कशाला सोडेल?

आपल्याकडे म्हण आहे की भुंकणारं कुत्रं चावत नाही. म्हण खोटी नाही, अर्धी आहे. कुत्रा भुंकतो तो चावायची वेळ येऊ नये म्हणून. त्याआधीही त्यानं पुष्कळ काही सांगितलेलं असतं. तोंड फिरवलेलं असतं, ओठ चाटलेले असतात, झोप आलेली नसताना जांभई दिलेली असते, जागच्या जागी थिजलेला असतो. त्यातलं काहीच कुणी ऐकलं नाही की गुरगुर, गुरगुर ऐकली नाही की भुंकणं, आणि तेही ऐकलं नाही तर दात. ही एक शिडी आहे. तिची मधली पायरी मोडली तर कुत्रा शहाणा होत नाही, सरळ वरच्या पायरीवर जातो.

आणि मधली पायरी मोडण्याचा धंदा जोरात चालतो. मी पहिल्यांदा ज्या ट्रेनरकडे गेले त्यानं तांबीच्या गळ्यात आवळणारी साखळी घातली आणि दुसऱ्या कुत्र्याकडे तिनं पाहिलं की झटका द्यायला शिकवलं. "मॅडम, तुम्ही अल्फा बना." तीन आठवड्यांत ती भुंकायची थांबली. मी पेढे वाटायचेच बाकी होते. चौथ्या आठवड्यात शेजारच्या इमारतीतला पॉमेरेनियन जवळून गेला आणि तिनं आवाज न करता त्याच्या मानेवर झडप घातली. केसांवर निभावलं. तिच्या बाजूनं विचार केला तर हिशेब सरळ होता. आधी दुसरा कुत्रा दिसला की नुसती भीती वाटायची, आता दुसरा कुत्रा दिसला की गळाही आवळला जातो. म्हणजे दुसरा कुत्रा ही खरोखरच वाईट गोष्ट आहे, याची मी तिला रीतसर शिकवणी दिली होती, आणि वर भुंकून सांगायलाही बंदी केली होती.

या 'अल्फा'ची कुळकथाही ऐकण्यासारखी आहे. रुडॉल्फ शेंकेल या स्विस अभ्यासकानं बाझलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांची निरीक्षणं १९४७ मध्ये प्रसिद्ध केली. एकमेकांशी नातं नसलेले लांडगे एका आवारात कोंबले होते, ते अर्थातच भांडत होते, आणि त्यातून वरचढ-खालच्याची कल्पना निघाली. अमेरिकेच्या डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या 'द वुल्फ' या पुस्तकानं ती जगभर नेली. पुढे याच मेक यांनी रानातले मोकळे लांडगे वर्षानुवर्षं पाहिले आणि १९९९ मध्ये लिहिलं की रानातला कळप म्हणजे साधं कुटुंब, आई-बाप आणि पिल्लं. तिथे कुणी लढून अल्फा होत नाही. म्हणजे ज्यानं कल्पना पसरवली त्यानंच ती मागे घेतली. आपल्याकडे मात्र ती अजून ताशी दरानं विकली जाते. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. जागा नसलेल्या आवारात कोंडलेले, सुटायला वाट नसलेले जीव एकमेकांवर गुरगुरत होते, आणि पाहणाऱ्यांनी त्याला स्वभाव म्हटलं. त्या आवाराचं क्षेत्रफळ कुणी विचारात घेतलं नाही.

साखळीवाल्या उपायाच्या अगदी उलटा उपाय प्रेमळ माणसं सांगतात: "माणसांत न्या हो तिला, सवय होईल." मी तेही केलं. रविवारी संध्याकाळी तांबीला वडाळे तलावावर नेलं. सुशोभीकरणानंतर तलावाचा काठ पनवेलकरांचा हक्काचा फेरफटका झाला आहे. फुगे, शिट्ट्या, पळणारी पोरं, सेल्फी. पहिली दहा मिनिटं ती चौफेर भुंकली. मग एका बाकाखाली शिरून पोट जमिनीला टेकवून पडून राहिली. तोंड घट्ट मिटलेलं, नजर कुठेच नाही, समोर चिकनचा तुकडा धरला तर हुंगलाही नाही. शेजारचे आजोबा कौतुकानं म्हणाले, "बघा, कशी शांत झाली."

त्या संध्याकाळी मला मराठीतले दोन शब्द नीट वेगळे दिसले, गप्प आणि निवांत. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. गप्प माणूस आतून काय सोसतो आहे ते त्याचं त्याला ठाऊक. निवांत माणसाला सोसायचंच काही नसतं. बाकाखालची तांबी गप्प होती. साखळीतलीही गप्पच होती. कुत्र्याला गप्प करणं हे तीन आठवड्यांचं काम आहे. निवांत करायला वर्ष लागतं, आणि त्याची सुरुवात बरोबर उलट्या दिशेनं, लांब जाण्यापासून होते.

ही युक्ती कुत्र्यांवर सापडलेली नाही, एका लहान मुलावर सापडली. १९२० मध्ये अमेरिकेत जॉन वॉटसन यांनी एका तान्ह्या मुलाला पांढरा उंदीर दाखवायचा आणि त्याच वेळी मागे पोलादी दांड्यावर हातोडा हाणायचा, असा प्रयोग करून भीती शिकवता येते हे सिद्ध केलं. आज कुणी करू धजणार नाही असा तो प्रयोग. चार वर्षांनी मेरी कव्हर जोन्स या तरुण संशोधिकेनं उलटा प्रश्न विचारला: शिकलेली भीती उतरवता येते का? तिच्यापुढे पीटर नावाचा जवळजवळ तीन वर्षांचा मुलगा होता, सशाला घाबरणारा. तो आवडीचं खात असताना ससा पिंजऱ्यात घालून खोलीत आणायचा, तोही तो खाणं थांबवणार नाही इतक्या लांब. दुसऱ्या दिवशी किंचित जवळ. शेवटी पीटर सशाला कुरवाळू लागला. पण मला जास्त जवळचा वाटतो तो मधला अपघात. पीटरमध्ये थोडी सुधारणा झालेली असतानाच त्याला लोहितज्वर झाला, दोन महिने तो दवाखान्यात होता, आणि तिथून निघताना एक मोठा कुत्रा त्याच्या अंगावर उडी मारून आला. भीती होती तिथे परत आली. जोन्सबाईंनी पुन्हा लांबून सुरुवात केली, आणि खाण्याची ही युक्ती त्यांनी या दुसऱ्या खेपेलाच वापरली.

खवळणाऱ्या कुत्र्यांबरोबर आज जगभर जे काम चालतं त्याचं बीज हेच आहे. भीतीची वस्तू लांब, आणि ती दिसताक्षणी काही तरी चांगलं. क्रम महत्त्वाचा, आधी वस्तू दिसली पाहिजे आणि मग खाऊ आला पाहिजे. उलटं केलं तर खाऊ म्हणजेच संकटाची वर्दी होते. लोक विचारतात, "म्हणजे कुत्र्याला लाच द्यायची?" लाच काम करून घेण्यासाठी देतात. इथे कुत्र्यानं काही करायचंच नाहीये, फक्त समोरच्या गोष्टीबद्दलचं त्याचं मत हळूहळू बदलायचं आहे. शिवाय तो तुकडा थर्मामीटरही आहे. कुत्रा खातो आहे तोवर अंतर बरोबर. हिसकावून, बोटं ओरबाडत घेतो आहे म्हणजे अंतर कडेला आलं. तोंड मिटलं, खाणं नाकारलं म्हणजे आपण फार जवळ आलो आहोत. तिथे शिकवणं बंद आणि मागे फिरणं सुरू.

मागे फिरणं हाच मी तांबीला शिकवलेला पहिला धडा. घरात, दिवाणखान्यात, काहीच समोर नसताना 'वळ' म्हटलं की माझ्याबरोबर अर्धी गिरकी घ्यायची आणि खाऊ मिळवायचा. आठवडाभर घरात, मग जिन्यात, मग रिकाम्या रस्त्यावर. आपली भाषा मोठी चतुर आहे. शिस्तीला ती 'वळण' म्हणते, आणि वळण म्हणजे वळणंही. सोसायटीनं सांगितलेलं वळण मी तांबीला अक्षरशः लावलं. भीती वाटली की भुंकायच्या आधी वळता येतं, ही तिची हिरावलेली पळवाट मी पट्ट्यासकट तिला परत दिली.

मग अंतर मोजायचं माप शोधलं. फुटांत मोजायला वेळ नसतो. आमच्या इमारतीसमोरच्या रस्त्याला एका कडेनं गाड्या उभ्या असतात, तेच माप झालं. पहाटे साडेपाचला, रस्ता मोकळा असताना, आम्ही त्या रांगेच्या टोकाला उभ्या राहायचो. खिशात मीठ न घालता उकडलेली कोंबडी, मटकीच्या दाण्याएवढे तुकडे करून. पहिल्या दिवशी दुसऱ्या टोकाला कुत्रा दिसला तेव्हा तिला खाता आलं ते अकरा गाड्यांवरून. दहा गाड्यांवर तिनं तोंड मिटलं. मी वहीत लिहिलं: अकरा. तीन आठवड्यांनी नऊ. पावसाळ्याच्या तोंडाशी सात. मधे कधी तरी तो क्षण आला, ज्याची सगळे वाट पाहतात. लांबचा कुत्रा दिसला, तिचे कान उभे राहिले, आणि भुंकण्याऐवजी तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. जणू विचारलं, दिसला ना, आता?

मग दिवाळी आली. चार दिवसांचे फटाके, पाचव्या दिवशी एक मोकळा कुत्रा धावत अंगावर आला, आणि वही परत नऊवर गेली. कुत्र्याच्या अंगातली धास्ती दिवा मालवावा तशी उतरत नाही, ती साचते. सकाळी फटाका, दुपारी बेल, संध्याकाळी सायकल, आणि रात्री एखादं निरुपद्रवी मांजर दिसताच स्फोट. मालक म्हणतो, मांजरावरून काय एवढं? मांजर निमित्त असतं. अशा दिवसांनंतर दोन-तीन दिवस बाहेर फक्त गरजेपुरतं नेणं, घरातच वास काढत खाऊ शोधायचे खेळ देणं हीसुद्धा शिकवणीच आहे. आणि अचानक बिघडलेल्या कुत्र्याचे आधी कान, दात, सांधे डॉक्टरांना दाखवावेत. आपल्या दमट हवेत गोचीड-ताप नित्याचा आहे, आणि दुखणाऱ्या अंगानं कुणाचाच स्वभाव चांगला राहत नाही.

आता या लेखातला अवघड प्रश्न. अकरा गाड्यांचं अंतर आणायचं कुठून?

पनवेल एके काळी तळ्यांचं, वाड्यांचं, ऐसपैस गाव होतं. रेल्वेच्या पलीकडे सिडकोनं आखलेलं नवीन पनवेल आलं, सेक्टर आले, २०१६ मध्ये महानगरपालिका झाली, द्रुतगती मार्ग आधीच कळंबोलीपाशी सुरू झालेला होता, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये विमानतळाचं उद्‌घाटनही झालं. प्रत्येक पायरीवर जमीन महागली. आपण घराचं क्षेत्रफळ इंचात मोजतो, पण दोन जीवांनी एकमेकांना न घासता ओलांडून जायला किती जागा लागते याचा हिशेब कुठल्याच नकाशात नसतो. लिफ्ट चार फुटांची. जिन्याचं वळण तीन फुटांचं. फुटपाथवर दुचाकी, म्हणून माणूस रस्त्यावर. तळमजल्याच्या पार्किंगमध्ये दोन गाड्यांमधून आडवं होऊन जायचं. अशा ठिकाणी कुत्राच काय, माणूसही दिवसभर हॉर्न वाजवून एकमेकांना 'हाड'च म्हणत असतो.

यावर रोखठोक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे: तुमच्या कुत्र्यासाठी शहरानं का बदलायचं? बदलू नये. पहिलं ओझं मालकाचंच आहे. कायदा दोन्ही बाजूंनी बोलतो. भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. दुसरीकडे भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ सांगतं की आपल्या जनावरापासून माणसाला धोका होऊ नये याची पुरेशी खबरदारी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, किंवा दोन्ही. मला लिफ्टचा हक्क आहे. पण सकाळी शाळेच्या वेळी दप्तरं घेतलेल्या पोरांनी भरलेल्या लिफ्टमध्ये तो हक्क बजावायला मी जात नाही. चार मजले जिन्यानं उतरते, वळणावर आधी 'कुत्रा येतोय' अशी हाक देते. तांबीला तोंडाची जाळी घालायची सवय महिनाभर खाऊ देऊन लावली आहे. गर्दीतून जाणं टळणारं नसेल तेव्हा ती जाळी तिच्या तोंडावर असते. जाळी ही शिक्षा नाही, समोरच्याला दिलेलं आश्वासन आहे. अंतर पायांनी आणता येत नाही तेव्हा ते वेळेनं आणायचं, आडोशानं आणायचं, उभ्या टेम्पोमागे थांबून आणायचं.

समोरच्याच्या भीतीला वेड्यात काढायचा अधिकारही मालकाला नाही. "काही करत नाही हो ती" हे मराठी श्वानप्रेमींचं सर्वांत निष्काळजी वाक्य आहे. काकूंशी पुढे बोलणं झालं तेव्हा कळलं की त्यांच्या धाकट्या भावाला लहानपणी पिसाळलेलं कुत्रं चावलं होतं आणि त्यानं पोटात चौदा इंजेक्शनं घेतली होती. ती जुनी लस आपल्याकडे २००५ च्या आसपास इतिहासजमा झाली. आताची लस दंडात घेतात, मोजके डोस असतात. पण ते चौदा दिवस त्या घराच्या अंगात मुरलेले आहेत. आणि रेबीज ही काही जुनी गोष्ट नाही. जगात त्यानं होणाऱ्या मृत्यूंपैकी साधारण एक तृतीयांश भारतात होतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. म्हणजे काकूंनाही त्यांच्या गाड्या आहेत. त्या किती, ते ठरवणारी मी कोण?

कुत्र्यांबाबतचं आपलं सार्वजनिक धोरण मात्र बहुतेक वेळा अंतराचा विचारच करत नाही. ते एक तर शून्य जाणतं, नाही तर अनंत. १८३२ मध्ये मुंबईत सरकारनं मोकाट कुत्री मारायचा सपाटा लावला, तेव्हा जूनमध्ये कोटभागात पारशी समाजाच्या पुढाकारानं दंगल उसळली होती. जवळपास दोनशे वर्षांनी, ११ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाच्या खंडपीठानं दिल्ली परिसरातली कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवायला सांगितलं. २२ ऑगस्टला मोठ्या पीठानं ते बदललं: नसबंदी आणि लस झालेली कुत्री जागच्या जागी सोडावीत, पिसाळलेली आणि आक्रमक तेवढी नाहीत. खायला घालायच्या जागा मात्र ठरवून द्याव्यात. या सगळ्या गदारोळात मला सर्वांत शहाणं वाटतं ते हे शेवटचं, किरकोळ वाटणारं कलम. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांतही ते आहे: सोसायटीच्या दारापासून, जिन्यापासून, मुलं खेळतात तिथून लांब, ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी कुत्र्यांना खायला घाला. म्हणजे काय? कुत्र्यांना गायब करू नका, पायांतही आणू नका. अंतर आखा.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी पाच कुत्र्यांचा घोळका असे आणि तांबीची निम्मी धास्ती त्यांचीच होती. त्यांना फाटकासमोर पोळ्या टाकणाऱ्यांमध्ये मीही होते. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तूप घेऊन धावणाऱ्या संत नामदेवांच्या गोष्टीवर वाढलेल्या आपल्याला पोळी टाकण्याचं पुण्य ठाऊक असतं, ती कुठे टाकावी हे कुणी शिकवत नाही. खाण्याची जागा मागच्या भिंतीकडे नेली आणि महिन्याभरात फाटक मोकळं झालं. कुत्री तेवढीच आहेत. तांबीला चार गाड्या मिळाल्या, काकूंनाही.

राहता राहिला नातू. लिंबं घरंगळली त्या दिवसापासून तो जिन्यात तांबीच्या नखांचा आवाज आला तरी घरात पळायचा. मी त्याला 'ये, हात लाव' असं कधीच म्हटलं नाही. त्याला वही दिली. रोज संध्याकाळी तो जिन्याच्या पायरीवर आजीजवळ बसून चकली खायचा, आम्ही रस्त्याच्या टोकाला उभ्या राहायचो, आणि मधल्या गाड्या मोजून आकडा लिहायचं काम त्याचं. आकडा कमी करायचा की नाही हेही तोच ठरवायचा. चकली खाणारं पोर एकीकडे, कोंबडी खाणारी कुत्री दुसरीकडे, आणि दोघांनाही माहीत नव्हतं की पीटरचा धडा दोन्ही टोकांनी एकदमच चालू आहे.

कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच, असं आपण म्हणतो. त्या म्हणीत चूक नळीची आहे. शेपूट सरळ करायचं कुणी सांगितलं होतं? तांबी कधीच उरण नाक्याच्या बाजारातून शेपूट हलवत जाणार नाही. तिला तिथे न्यायचा माझा हट्ट संपला तेव्हाच माझं अर्धं शिक्षण झालं. चारचौघांत शांत असणं म्हणजे चारचौघांच्या मधोमध असणं नव्हे. आपल्याला पुरेल इतकं अंतर मागता येणं, आणि मागितल्यावर ते मिळेल असा भरवसा असणं, इतकं झालं की कुत्रा भुंकत नाही. भरवसा एका बाजूनं तयार होत नाही, म्हणून यात मालकाइतकाच रस्त्यानं येणाऱ्या-जाणाऱ्यांचाही हात असतो: न विचारता हात न लावणाऱ्यांचा, दोन पावलं कड घेऊन जाणाऱ्यांचा, स्वतःचा 'खेळकर' कुत्रा मोकळा न सोडणाऱ्यांचा.

गेल्या आठवड्यात वहीत 'दोन' लिहिलं गेलं. तांबी दोन गाड्यांवर उभी होती, कान सैल, तोंड किंचित उघडं. तिनं पोराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी अर्धं पाऊल पुढे टाकलं तसा पोरानं चकलीचा हात वर केला. ओरडला नाही, आजीमागे लपला नाही. म्हणाला, "मावशी, इथवरच." मी 'वळ' म्हटलं, तांबी वळली.

दुसऱ्या दिवशी फाटकातून हेल्मेटवाला आत आला आणि आम्ही परत सातवर गेलो.